अडतीस वेळा बुडालेली ताई

दातांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली असते आणि तिचं दार नेहमी बंद असतं. पुढच्या खोलीत डॉक्टर जबड्याचा ठसा घेतात, तो आत पाठवतात, आणि आठ-दहा दिवसांनी आतून कवळी बाहेर येते. मधल्या दिवसांत आत काय होतं, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. त्या दिवशी मात्र उकाड्यामुळे दार उघडं राहिलं होतं. बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण गाल धरून बसले होते, आणि आतून एकदम आवाज आला, "डावीकडे! अरे डावीकडे फेक, माझ्या राजा! गेलो. गेलो ना! बुडालो सगळे!"

बाकावरच्या एका आजोबांनी घाबरून पाय वर घेतले.

उघड्या दारातून लोकांना ताई पहिल्यांदा दिसली ती अशी. सत्तावन्नची, ठेंगणी, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. केसांवर प्लास्टरची धूळ, त्यामुळे पिकलेले केस किती आणि धुळीचे किती, हे कळायला मार्ग नव्हता. तिनं फोन पालथा ठेवला, डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, आणि घड्याळात दोन वाजले तसा समोरचा मेणाचा जबडा उचलला. नुकतंच जहाज बुडालेल्या बाईचा हात थरथरायला हवा. तिचा हात असा स्थिर होता की सुरीच्या टोकावर मेणाचा कण घेऊन तिनं तो पुढच्या दोन दातांच्या मधे ठेवला आणि तो हललासुद्धा नाही.

बत्तीस वर्षं ती त्या खोलीत कवळ्या करत होती. आधी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, आता त्यांच्या मुलाच्या. मोठे डॉक्टर तिला नावानं हाक मारायचे, मुलगा 'मावशी' म्हणतो, बाकी सगळ्यांची ती ताई. लग्न केलं नाही. का, असं कुणी खोदून विचारलंच तर ती म्हणायची, "ठसा घेतला होता हो, पण जबडा जुळला नाही," आणि विचारणारा हसून विषय बदलायचा.

खेळाचा नाद तिला प्लास्टरनं लावला. ठशात प्लास्टर ओतलं की ते घट्ट व्हायला बराच वेळ लागतो. घाई करून साचा काढला तर पुढचे दोन दात ठशातच राहतात आणि सगळं मुसळ केरात. मोठ्या डॉक्टरांच्या काळात ती त्या वेळात लोकर विणायची. नऊ वर्षांपूर्वी भाचीनं तिच्या फोनवर 'आठ होड्या' नावाचा खेळ घालून दिला आणि लोकर तशीच अर्धवट राहिली.

खेळ अगदी सोपा. एका तळ्यात आठ होड्या. प्रत्येक होडीत दोन माणसं. एक सुकाणू धरतो, दुसरा समोरच्या होड्यांवर गोळे फेकतो. गोळे लागून लागून होडी बुडते. पहिल्या चारांत तग धरलात तर तुमचे गुण वाढतात, शेवटच्या चारांत गेलात तर घटतात. गुणांवरून पातळी ठरते. सगळ्यांत खाली ओंडका, मग तराफा, होडी, गलबत, आणि सगळ्यांत वर जहाज. तुम्ही ज्या पातळीचे, त्याच पातळीचे लोक खेळ तुमच्यासमोर आणून उभे करतो. तराफ्याला तराफे, गलबताला गलबतं. ताई सुकाणूवर बसायची, आणि नऊ वर्षांत ओंडक्यापासून गलबतापर्यंत चढली होती. त्या तळ्यातला प्रत्येक खडक तिला दाढेच्या खळग्यांसारखा पाठ होता.

दवाखान्यातल्या दुसऱ्या कारागिरालाही हाच नाद होता. चाळिशीचा माणूस, कामाला बरा, तक्रारीला उत्तम. तोही गलबतावर पोचलेला, आणि त्याचं एक रडगाणं ठरलेलं.

"ताई, हा शुद्ध अन्याय आहे," तो दात घासण्याचं चाक थांबवून म्हणायचा. "मी चार वर्षं घाम गाळला. आणि आज काय? दहा डावांत पाच वर, पाच खाली. काल आलेल्या ओंडक्याचंही तेच, पाच वर, पाच खाली. मग मी शिकलो कशाला? त्यांना रोज सहल आणि आम्हाला रोज वार्षिक परीक्षा!"

"तुला काय, ओंडक्यांना बुडवायचंय?"

"अधूनमधून! काय बिघडलं? जरा बरं वाटतं माणसाला."

"हे बघ," ताई हातातल्या साच्यावरून नजर न काढता म्हणायची, "काल डॉक्टरांनी चार कामं आत पाठवली. तीन सरळ जबडे तुला दिले. चौथे ते तिरक्या हनुवटीचे गृहस्थ, हिरड्या झिजून सपाट झालेल्या, ते कुणाला दिले?"

"तुम्हाला."

"दर वेळी मलाच. तुझ्या आठवड्याला नऊ कवळ्या होतात, माझ्या चार. नवा माणूस मोजायला बसला तर म्हणेल, ही बाई आळशी आहे."

"मग राग नाही येत तुम्हाला?"

"येतो ना. बुधवारी येतो, बुधवारी वाकडे जबडे जास्त असतात. पण उद्या डॉक्टरांनी मला सरळ जबडे द्यायला सुरुवात केली ना, तर त्याच दिवशी समजेन की आपले हात गेले."

कारागीर पुटपुटत चाक सुरू करायचा. त्याला पटायचं नाही, पण ताईला स्वतःला ते पक्कं पटलेलं होतं. अर्ध्या वेळा हरणं ही तिच्या मते मानाची गोष्ट होती. तोडीस तोड माणूस समोर आहे, याची ती पावती. बत्तीस वर्षं ती याच हिशेबानं जगत आली होती आणि तिला त्यात कुठे खोट दिसली नव्हती.

ती दिसली भावामुळे.

भावाचं घरातलं नाव बारक्या. सातव्या वर्षी काडीसारखा होता म्हणून पडलेलं नाव, पुढे माणूस एकशे चार किलोला पोचला तरी सुटलं नाही. ताईपेक्षा सहा वर्षांनी लहान. चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात तो बस चालवायचा. सत्तावीस वर्षं चालवली, आणि एके दिवशी डेपोत गाडी लावून खाली उतरताना त्याच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टरांनी चार महिने झोपून राहायला सांगितलं, आणि जाता जाता असंही सांगितलं की बस चालवायचं आता विसरा.

महिन्याभरानं त्याच्या बायकोचा फोन आला. "वन्सं, मी काय करू सांगा. सकाळी डोळे उघडतात ते छताकडे बघतात, संध्याकाळी मिटतात तेव्हाही छतच. काल विचारलं, अहो काय बघता एवढं? तर म्हणाले, पंख्याच्या डाव्या बाजूला पोपडा सुटलाय. दिवसभरात तेवढं एकच वाक्य बोलले."

ताईनं त्याला फोन लावला.

"कसा आहेस?"

"आहे."

"जेवलास?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवण."

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी तिनं विचारपूस करणं सोडून दिलं. तिच्या खोलीतला अनुभव असा होता की माणसाचे हात गुंतले की तोंड सुटतं. समोरासमोर बसवून विचारलं तर कुणी काही सांगत नाही. म्हणून तिनं वहिनीकडून बारक्याच्या फोनवर 'आठ होड्या' घालून घेतला आणि त्याला हुकूम सोडला, "रोज सव्वापाचला माझ्या होडीत यायचं. गोळे फेकायला माणूस नाहीये माझ्याकडे."

"ताई, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"मी सत्तावन्नची आहे. ये."

आला बिचारा. एकमेकांचा आवाज ऐकू येईल अशी सोय खेळात होती. पहिले दोन दिवस "फेकू का?", "फेक," "लागला का?", "नाही" एवढंच. तिसऱ्या दिवशी एका खडकामागे दडून बसले असताना तो आपणहून बोलायला लागला. शेवटच्या दिवशी बसमधून खाली उतरताना दोघांनी त्याला धरलं होतं, आणि समोर रोजचे प्रवासी उभे होते. "त्यांच्यासमोर, ताई. त्यांच्यासमोर मला पोत्यासारखं उतरवलं." ताईनं होडी त्या खडकामागे अजून थोडा वेळ थांबवून ठेवली.

सव्वापाचची वेळ किती मोलाची होती, हे तिला त्या दिवशी कळलं. आणि पंधरा दिवसांतच ती वेळ हातची जाते की काय, असं झालं.

कारण खेळाचा एक नियम होता. एका होडीतल्या दोघांची पातळी वेगळी असेल तर खेळ वरची पातळी धरायचा. ताई गलबत, बारक्या ओंडका, म्हणून दोघांसमोर रोज गलबतंच. ताईला ती सवयीची होती. बारक्याला मात्र पळता भुई थोडी झाली. त्याचा गोळा सुटायच्या आत समोरून तीन येऊन आदळायचे. पंधरा दिवसांत ते एकदाही पहिल्या चारांत आले नाहीत. एकदा पाचवे आले तेव्हा त्याला वाटलं जिंकलो, आणि ताईला ते खोटं आहे असं सांगवलं नाही.

मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, मी तुझ्या होडीतला दगड आहे. मला घेऊन तू बुडतेस."

"काहीतरी बोलू नकोस."

"खरं सांग. मी नव्हतो तेव्हा किती वेळा बुडायचीस?"

ताईला खोटं बोलता यायचं नाही. "अर्ध्या वेळा," ती म्हणाली, आणि ते उत्तर बारक्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला, "वन्सं, पुन्हा छत."

त्या दिवशी पहिल्यांदाच ताईनं कारागिराला आपणहून खेळाबद्दल सल्ला विचारला. तो खूश झाला. "मी म्हणत नव्हतो? अनुभवी माणसाला या खेळात जागाच नाही! एकटा असला तर रोज परीक्षा, आणि नवख्या दोस्ताला घेऊन गेला तर त्या दोस्ताचा चेंदामेंदा. आमचा मेहुणा असाच पळाला."

"माझी मजा गेली त्याचं काही नाही रे," ताई म्हणाली. "पण खेळ अनोळखी माणसं तोलतो ती बरोबर तोलतो. बहीणभावाला तोलायचा काटाच नाही त्याच्याकडे."

"सोप्पं आहे. नवं नाव घ्या, नव्यानं ओंडक्यापासून सुरू करा. अर्धं तळं हेच करतं."

"म्हणजे खोट्या नावानं नवख्यांत जाऊन बसायचं?"

"असं म्हटलं की वाईट वाटतं खरं."

"मग नको."

ताईनं दुसरा मार्ग काढला, आणि तो एखाद्या कवळीवाल्या बाईलाच सुचला असता. नवी कवळी तयार झाली की वरचा जबडा खालच्यावर मिटून बघतात. मधे पातळ निळा कागद धरतात. एखादा दात उंच राहिला असेल तर त्याच्यावर निळा ठिपका उमटतो. उंच दात आधी टेकतो, बाकीचे टेकतच नाहीत, आणि माणसाला चावता येत नाही. त्याला उपाय एकच. तो उंच दात घासायचा, अगदी थोडा थोडा, जुळेपर्यंत. यात फसवणूक कुठली? दात आपलाच, तोंड आपलंच. ताईच्या मते या होडीतला उंच दात ती स्वतः होती.

तिनं कामाच्या वहीची मागची पानं घेतली. एका पराभवाला किती गुण घटतात ते दोन दिवस पाहून लिहून काढलं, आणि तराफ्याच्या वरच्या टोकाला यायला अडतीस पराभव लागतील असं गणित मांडलं. मग ती हरायला बसली. सकाळी कामाआधी दोन डाव, दुपारी डब्याच्या वेळेत दोन. एकटीनं खेळायला गेलं की खेळ कुणीतरी अनोळखी जोडीदार द्यायचा. ती होडी सरळ उत्तरेच्या खडकावर न्यायची आणि आपटायची. मुद्दाम वाटू नये म्हणून कधी उशिरा वळवायची, कधी फार लवकर. कवळी घासावी तसं तिनं स्वतःला सफाईनं घासलं.

जोडीदार काय काय बोलायचे! एकानं लिहिलं, "आजी, झोपा आता." ताईला हसू आलं, कारण वयाबाबत तो चुकून खरं बोलला होता. दुसऱ्यानं लिहिलं, "सुकाणू आहे की पोळपाट?" तेही तिनं हसण्यावारी नेलं. पण तिसाव्या की एकतिसाव्या डावानंतर 'गारगोटी' असं नाव घेतलेल्या एका जोडीदारानं लिहिलं, "माझं काही चुकलं का? मी नवीन आहे. काल दोन तास नेम धरायचा सराव केला होता."

ताई फोन हातात धरून बसली. समोर कुणाचा तरी खालचा जबडा वाळत होता. दर डावात तिच्याबरोबर कुणीतरी दुसरंही खाली जातंय, हे तिला आत्तापर्यंत दिसलंच नव्हतं. घासताना शेजारच्या दाताला धक्का लागू द्यायचा नाही, हे ती बत्तीस वर्षं कारागिरांना शिकवत आली होती. तिनं उत्तर लिहिलं, "तुमचा नेम चांगला आहे. सुकाणूवाली वाईट होती." स्वतःच्या हातच्या कामाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा वाईट म्हटलं. मनाला ते लागलं. तरीही उरलेले सात-आठ डाव तिनं पुरे केले, कारण तिकडे छत होतं.

अडतिसावा डाव संपला त्या संध्याकाळी तिनं वहिनीला सांगितलं, "त्याला म्हणावं एकदाच ये. नाही आवडलं तर नको येऊस."

बारक्या आला, आणि दोघं दुसरे आले. पुढच्या डावात पहिले. बारक्याचे गोळे लागत होते, होड्या बुडत होत्या, आणि तो फोनमधून असा ओरडत होता की वहिनीनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण पडलं? दोन दिवस हा आनंद चालला. तो पुन्हा बोलायला लागला. डेपोतल्या गमती सांगितल्या, एक साहेब कसा चुकीच्या बसमध्ये बसून तपासणीला दुसऱ्याच गावी गेला तेही सांगितलं. ताईला वाटलं, जमलं. दात टेकले.

तिसऱ्या दिवशी डावाच्या मधेच त्यानं गोळे फेकणं थांबवलं.

"ताई, ही माणसं कोण आहेत?"

"कोण म्हणजे? होडीवाले."

"ती लाल होडी बघ. खडक दिसतोय तरी त्याच्यावर चाललीये. ती गेली बघ. ही तुझ्या पातळीची माणसं नाहीत. ही माझ्यापेक्षा कच्ची आहेत."

"असतात कधी कधी."

"सत्तावीस वर्षं रस्त्यावर काढलीत मी," बारक्या म्हणाला. "समोरचा घाबरून जागा देतोय की मुद्दाम देतोय, हे मला लांबून कळतं. तू काय केलंस?"

ताईनं घसा साफ केला. "थोडं घासलं."

"काय घासलं?"

"स्वतःला. हरले मुद्दाम. खाली आले."

"किती वेळा?"

"अडतीस."

होडी आपली आपण तळ्याच्या मधोमध गोल फिरत राहिली.

"अडतीस वेळा बुडालीस?"

"तेहतीस वेळा खडकावर. पाच वेळा नुसतीच उभी राहून."

"उभी राहून!" बारक्याला हसू फुटलं. मग असं आवरेना की कमरेतून कळ आली आणि तो हसता हसता ओरडला. वहिनी धावत आली. "अहो, हलू नका म्हटलं होतं ना! वन्सं, काय सांगितलंत यांना?"

हसू ओसरलं तेव्हा मात्र त्याचा आवाज बदलला. "लहानपणी पत्त्यांत हरायचीस तशीच ना? हुकमाचं पान मांडीखाली दडवून? मला तेव्हाही कळायचं, ताई. मी बोलायचो नाही इतकंच. आता बोलतो. मला पोत्यासारखं उतरवू नकोस."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. इतक्या काळजीनं केलेलं काम, आणि नेमकं तिथेच टोचलं.

"मग काय करू?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं धाकट्या भावाला कधी विचारल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

"तू तुझ्या जागी परत जा वर. मी येतो बरोबर. बुडायचं तर तुझ्या तोलाच्या लोकांकडून बुडू. फक्त सुकाणू मला दे."

"तुला? तुला नाही रे जमायचं."

"कुणाला? मला? सुकाणू जमायचं नाही?"

"अरे, बस वेगळी, होडी वेगळी."

"बसला ब्रेक असतो, एवढाच फरक. ताई, एक महिना मी तुझ्या मागे बसून गोळे फेकतोय. जन्मात कधी कुणाला काही फेकून मारलं नाही मी. आणि तू, जिनं बत्तीस वर्षांत एक दात वाकडा बसवला नाही, ती सुकाणूवर! कुणी ठरवलं हे?"

कुणीच ठरवलं नव्हतं. ती मोठी होती, म्हणून पुढे बसली होती. दोघांच्या कधी मनातच आलं नव्हतं की मागे-पुढे करता येतं.

तिनं एक दिवसाची मुदत मागितली. तो दिवस तिला जड गेला. नऊ वर्षांची चढण सगळी सुकाणूवरची होती. गोळे फेकण्यात ती ओंडकाही नव्हती, पण पुन्हा वर गेल्यावर खेळ तिला गलबतच धरणार, आणि गलबतांसमोर ती पार कच्ची ठरणार. जे आपल्याला येतं ते सोडून न येणाऱ्या जागी बसायचं, तेही सगळ्यांत कठीण लोकांसमोर. कारागिरानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, हे म्हणजे तुम्ही उद्यापासून झाडू मारायचा आणि झाडूवाल्यानं कवळ्या करायच्या."

"नाही," ताई म्हणाली. "हे म्हणजे चालकाला चाक द्यायचं."

आधी तिनं एक काम मात्र उरकलं. गारगोटीला निरोप पाठवून शोधलं आणि चार संध्याकाळी त्याच्याबरोबर प्रामाणिकपणे खेळून त्याला त्याचे गुण परत मिळवून दिले. तो कोण, कुठला, लहान की मोठा, तिनं विचारलं नाही. मग एकटीनं खेळून ती पुन्हा वर चढली. चढायला पाच आठवडे लागले. तोवर बारक्या उशांना टेकून बसायला लागला होता. रोज रिकाम्या तळ्यात होडी फिरवून तो खडक पाठ करायचा आणि त्यांना आपल्या बसथांब्यांची नावं द्यायचा.

मग दोघं गलबतांत गेले आणि पहिल्या दिवशी आठवे आले. दुसऱ्या दिवशी सातवे. बारक्या वळणं सुरेख घ्यायचा. होडी मोठ्या गाडीसारखी आधी बाहेर काढायची आणि मग आत घालायची, ही त्याची पद्धत तळ्यात कुणी पाहिली नव्हती. घोटाळा ताईकडे होता. ती नेम धरायची तो केसाइतका अचूक, आणि तोवर समोरची होडी निघून जायची.

"फेक ना, ताई!"

"थांब, जरा डावीकडे हवाय."

"अगं, तो गेला! पुढच्या थांब्यावर उतरलासुद्धा!"

"मग तू हळू चालव."

"वेळापत्रक असतं, बाई!"

त्यांचे गुण घटत गेले. पण या वेळी ते कुणी मुद्दाम घटवत नव्हतं. दात ओठ खाऊन दोघं खेळायचे आणि तरी हरायचे, आणि हरल्यावर चूक कुणाची यावर अर्धा तास भांडायचे. तेवढं भांडण बारक्या गेल्या सहा महिन्यांत कुणाशी भांडला नव्हता. वहिनी ते ऐकत भाजी निवडायची आणि मधेच निवाडा द्यायची, "या वेळी वन्संचं बरोबर आहे."

दोन महिन्यांत गुण आपोआप एका जागी येऊन थांबले. दोघं 'होडी' या मधल्या पातळीवर स्थिरावले, आणि तिथे त्यांचंही इतरांसारखंच झालं, पाच वर, पाच खाली. कारागीर म्हणाला, "नऊ वर्षं वाया घालवलीत, ताई. गलबत होतात तुम्ही."

ताईनं हातातला साचा उजेडात धरला, एका बाजूनं पाहिला, दुसऱ्या बाजूनं पाहिला. "वाया कशी जातील? त्याला प्रत्येक खडक मी सांगते. त्यानं दिलेली नावं पाठ करावी लागली, एवढंच. आणि आता मी शिकतेय. तुझ्यासारख्या गलबताला काय कळणार त्यातलं?"

बारक्या आता डेपोत बसून नव्या चालकांना मार्ग आखून देतो, संध्याकाळी पाचला घरी येतो. ताई अजून त्याच खोलीत आहे. वाकडे जबडे अजून तिच्याकडेच येतात. सव्वापाचला ती कोट काढून खुर्चीवर टाकते आणि होडीत मागे जाऊन बसते. सुकाणूला तिनं गेल्या एकोणीस महिन्यांत हात लावलेला नाही, आणि नेम धरायला ती अजूनही जरा जास्तच वेळ घेते.